साहेबांचे डोळे

आधीच सांगून टाकते, रहस्यकथा मला गंभीरपणे वाचताच येत नाहीत. नव्वदच्या दशकात पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुस्तकं भाड्याने देणारी एक लायब्ररी होती. तिथली पिवळ्या पानांची पॉकेटबुकं मी दप्तरातून घरी आणायची आणि वाचताना खो खो हसत सुटायची. गुप्तहेर ऐन मे महिन्यात लांबलचक कोट घालून फिरतो आणि कुणालाच तो विचित्र वाटत नाही, हे कसं? सगळे संशयित एका खोलीत गोळा होऊन त्याचं तासभराचं भाषण निमूट ऐकून घेतात, एकालाही लघवीला लागत नाही? आई वैतागून म्हणायची की हसायचंच असेल तर विनोदी पुस्तक आण ना. आता हिला काय सांगणार, याहून विनोदी काय असतं!

पुढे दोन हजार साल उलटल्यावर मी नाशिक रोडला एका कम्प्युटर क्लासमध्ये मल्टिमीडिया शिकवायला लागले. शिकवत काय होते देव जाणे, मुलांच्या दोन पानं पुढे असायचे इतकंच. एक दिवस क्लासला लिंबाएवढा वेबकॅम आला. मी त्याने टेबलावरच्या खोडरबराचा फोटो काढला, खोडरबर जरासं सरकवलं, पुन्हा फोटो, पुन्हा सरकवलं. असे शंभरेक फोटो ओळीने पळवले आणि अहो, ते खोडरबर आपलं आपण चालत जाऊन पेन्सिलीला धडकलं! मी रिकाम्या वर्गात एकटीच टाळ्या पिटत होते. त्या संध्याकाळी पंचवटीपर्यंत बसमध्ये उभ्याने आले तरी पाय दुखले नाहीत. मला मालिका करायची होती. मातीच्या माणसांची, थोडं थोडं हलवून फोटो काढलेली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत गुप्तहेरांची टर उडवणारी.

माती कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. आमच्या घराला लागूनच गणपतीचा कारखाना होता. तो आबांचा. आबा सत्तरीचे, मोजकं बोलणारे, शाडूशिवाय दुसऱ्या कशाला हात न लावणारे. त्यांच्या मूर्ती न्यायला लोक सिन्नरहून, त्र्यंबकहून यायचे, आणि ते डोळ्यांसाठी. आबांचा गणपती आपल्याकडेच बघतो, असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंच होतं. कारखान्यात दुसरं माणूस म्हणजे त्यांची सून. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मी तिला वहिनी म्हणायचे आणि आमची घट्ट गट्टी होती. वहिनी माती मळायची, साच्यातून मूर्ती काढायची, सोंड घासून गुळगुळीत करायची, पितांबर रंगवायची, नखंसुद्धा रंगवायची. डोळे मात्र नाही. डोळे फक्त आबा काढायचे.

आणि वहिनीला डोळे काढायचे होते. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला त्या कारखान्यात दुसरं काही नको होतं. शिवाय आता ते नुसतं हौसेचं राहिलं नव्हतं. आबांचा मोतीबिंदू वाढत चालला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून जायचे. वहिनीचा नवरा सिन्नरच्या रस्त्यावर जीप चालवायचा. त्याला मातीत रस नव्हता. आबांचं बघणं थांबलं की कारखाना बंद करायचा आणि जागा फरशीवाल्याला द्यायची, हे त्याने घरात सांगूनच टाकलं होतं. म्हणजे डोळ्यांचा ब्रश वहिनीच्या हातात आला तर कारखाना राहणार, नाहीतर तिच्यादेखत तिथे फरश्यांच्या थप्प्या लागणार.

मग आबा तिला शिकवत का नव्हते? तर कारखान्याचा एक नियम होता, आबांच्या वडिलांपासूनचा. डोळा सगळ्यात शेवटी काढायचा आणि एकदा काढला की त्याला परत हात लावायचा नाही. पुसायचा नाही, सुधारायचा नाही. डोळा उघडला म्हणजे मूर्ती बघायला लागली, आता तुम्ही कोण तिला पुसणार? त्यामुळे ज्याचा हात बसलाय त्यानेच डोळा काढायचा. हात बसवायचा कसा, यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. कागदावर सराव कर म्हणावं तर कागद सपाट आणि मूर्तीचा चेहरा गोल. मी हे ऐकलं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं, पण वहिनीने मला चिमटा काढून गप्प बसवलं.

दिवाळीनंतर कारखाना थंडच असतो. आबांनी मागच्या खिडकीजवळचा कोपरा आम्हाला वापरू दिला. क्लासच्या मालकांनी अडगळीतला एक कम्प्युटर नेऊ दिला, तो मी रिक्षात मांडीवर घेऊन आणला. आमच्या गुप्तहेराला नाव ठेवलं नाही. सगळे त्याला नुसतं साहेब म्हणणार. पहिला साहेब मी निव्वळ शाडूचा केला. दुपारपर्यंत तो वाळून अर्धं बोट आखडला आणि संध्याकाळी मान वळवायला गेले तर डोकं हातात आलं. आबा लांब बसून चाळणीने पूड चाळत होते. वर न बघताच त्यांनी सांगितलं की धडाच्या मातीत मेण आणि तेल घाल, मग ती वाळायची नाही. झालं! धड मेणमातीचं, आत तार, आणि डोकं वाळवलेल्या शाडूचं, वरून ऑइलपेंटचा हात. साहेब उभा राहिला. कोटासकट.

संशयित वहिनीने केले आणि तिथे मजाच झाली. आयुष्यभर देव घडवलेले हात ते. पापडचोर केला तर त्याच्या चेहऱ्यावर असं काही प्रसन्न हसू की पाया पडावंसं वाटावं. खुनी म्हणून केलेला माणूस उजवा हात वर करून आशीर्वाद देत उभा. मी म्हटलं, वहिनी, अगं हा खुनी आहे. तिने मनापासून प्रयत्न केला, भुवया खाली ओढल्या, ओठ वाकडे केले, आणि परत बघते तर तो आणखीच दयाळू दिसायला लागला. दोघी हसून हसून जमिनीवर बसलो. शेवटी मी गोष्टीच तशा लिहिल्या. आमच्या मालिकेत सगळे संशयित देवमाणसं दिसायचे आणि साहेब त्यातल्या प्रत्येकावर वाघासारखा झडप घालायचा. एकाच्या चपलेचा चिखल बघून तो त्याचा सगळा गुन्हेगारी इतिहास सांगायचा, आणि तो माणूस शांतपणे म्हणायचा की मी पोस्टमन आहे, सही करा. एकदा चोराचा पाठलाग करायचा तर साहेबाची सिन्नरची बस चुकली. चोर बिचारा स्टँडवर त्याची वाट बघत बसला, त्याच्यासाठी जागाही धरून ठेवली.

एक मिनिटाचं चित्र करायला तीन-तीन दिवस जायचे. हात हलवला केसभर, फोटो. पाय उचलला केसभर, फोटो. मध्येच लाइट जायची, कारण तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक गल्लीत सगळ्यांना पाठ होतं आणि तरी ते पाळलं जायचं नाही. आमच्या केबलवाल्या काकांचं स्वतःचं एक चॅनल होतं, साड्यांचे सेल आणि हरवलेली पाकिटं एवढंच दाखवणारं. त्यांनी दर दुसऱ्या रविवारी सकाळी तीन मिनिटं द्यायचं कबूल केलं. अट एकच, एकही रविवार चुकला तर ती वेळ चिवडेवाल्याच्या जाहिरातीला जाणार. मालिकेचं नाव मी ठेवलं ‘संशयाला जागा आहे’. ते अजूनही मला आवडतं.

आता येते डोळ्यांवर. साहेब गुप्तहेर, म्हणजे त्याने इकडे बघायला हवं, तिकडे बघायला हवं, दचकायला हवं. दर वेळी नवे डोळे. वहिनी पोस्टर कलरने डोळे काढायची, मी फोटो घ्यायची, ती ओल्या फडक्याने डोळे पुसायची आणि पुढचे काढायची. हो, पुसायची! हे सगळं दुपारी, आबा जेवून माडीवर झोपायला गेले की. सरळ सांगते, चोरीच होती ती. पण वहिनीचा चेहरा बघायला हवा होता. पहिल्या दिवशी साहेबाचं एक बुबुळ पार कानाकडे गेलं. ते पुसलं, दुसरं काढलं, ते पुसलं. चौथं जागेवर बसलं तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, “बघतोय गं हा.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

पहिले तीन भाग दाखवले गेले आणि गल्लीत नुसती धमाल. पोरं कोट म्हणून आईचे गाऊन घालून फिरायला लागली. भाजीवालीने मला थांबवून सांगितलं की त्या चोराला सोडून द्या, लय गरीब आहे तो. मी हवेत होते, जमिनीवर पायच नव्हते माझे.

आणि चौथ्या भागाच्या वेळी आबा दुपारी झोपेतून लवकर उठून खाली आले. वहिनीच्या हातात ओलं फडकं, समोर साहेब, एक डोळा उघडा आणि एक पुसलेला. आबांनी बघितलं. पाणी प्यायले आणि परत वर गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमधून आले तर कोपऱ्यात साहेब नाही. वहिनी भिंतीला टेकून बसलेली. तेवढ्यात आबा दारातून आत आले, धोतराचा काठ ओला, हातात रिकामा पाट. ते साहेबाला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर घेऊन गेले होते. पाटावर बसवून, हातावर दही ठेवून, रीतसर त्याचं विसर्जन करून आले होते. माझा हिरो, माझा तीन भागांचा साहेब, कोटासकट पाण्यात!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवार दहा दिवसांवर, आधीचं चार दिवसांचं काम मातीमोल, आणि हा माणूस शांतपणे पाट पुसतोय. मी नको ते बोलले. खेळणं होतं ते आबा, देव नव्हता, असंही बोलले. आबा म्हणाले, “खेळणं असेल. पण डोळे हिने उघडले होते. उघडलेला डोळा आपल्या घरात पुसत नाहीत.”

मग मात्र माझा तोल सुटला. “चुकल्याशिवाय हात बसतो का कुणाचा? तुम्ही कधी चुकलाच नाहीत?”

वहिनीने माझा दंड घट्ट धरला. आबांनी पाट भिंतीला उभा केला. मग त्यांनी सांगितलं. ते सोळा वर्षांचे असताना एक डोळा चुकला होता. मूर्ती तशीच, तिरकी बघणारी, गिऱ्हाइकाला द्यायची कशी, म्हणून वडिलांनी ती घरी पुजली आणि पुढे चार वर्षं त्यांना ब्रश दिला नाही. रोज जेवायला बसलं की ती मूर्ती समोर. हे सांगताना त्यांचा आवाज असा लहान झाला की माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला माझीच लाज वाटली. मी तिथून उठून घरी आले.

संध्याकाळी वहिनी आमच्याकडे धावत आली. धावत म्हणजे खरंच, पदर खोचून, पीठ लागलेल्या हातांनी. तिने आबांना एकच प्रश्न विचारला होता. डोळा चेहऱ्यावर काढलाच नाही, चष्म्याच्या काचेवर काढला तर? आबांनी विचार केला आणि म्हणाले की चष्म्याला जीव नसतो. अहो, मी तिला उचलून फिरवलं!

कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे जुन्या मनगटी घड्याळांच्या काढलेल्या काचांची बरणीच भरलेली होती. ती त्याने आनंदाने दिली. आम्ही दोन-दोन काचा तारेने जोडल्या आणि साहेबाचे चष्मे केले. एक चष्मा डावीकडे बघणारा, एक उजवीकडे, एक दचकलेला, एक झोपाळलेला. चष्मा बदलला की नजर बदलली. पुसायचं कामच नाही! नव्या साहेबाचं डोकं जरा मोठं झालं, तर मी गोष्टीत घातलं की साहेब रजेवरून जाडे होऊन आले. आणि सगळ्या संशयितांनाही एकदम चष्मे का लागले, असं लोक विचारणार, म्हणून चौथा भाग सुरूच केला कॉलनीतल्या मोफत नेत्रतपासणी शिबिरापासून. रविवारी सकाळी भाग केबलवर लागला तेव्हा काकांनी फोन करून सांगितलं की त्यांच्या ऑफिसात पोरं हसून खुर्चीवरून पडली. माझा जीव भांड्यात पडला.

पण खरी गंमत पुढेच होती. पुसायचं नाही म्हटल्यावर बिघडलेल्या डोळ्यांचं करायचं काय? काचेवरसुद्धा पुसायला वहिनी तयार होईना. आबांच्या कानावर ते गेलं असावं. एक दिवस ते आपणहून कोपऱ्यात आले, स्टूल ओढून बसले. वहिनीने रंगवलेला एकेक चष्मा उचलायचा, खिडकीकडे धरायचा, अगदी नाकाला टेकेल इतका जवळ न्यायचा, आणि बघून दोनपैकी एका डब्यात टाकायचा. एक डबा साहेबाचा, एक संशयितांचा. चांगला डोळा साहेबाला. वाकडा, फुगलेला, एकमेकांशी भांडणारा डोळा संशयितांना. बोलायचं काही नाही, फार तर “हा चोराला दे.”

पहिल्या आठवड्यात सगळे चष्मे चोरांच्या डब्यात गेले. सगळे! साहेबाला घालायला चौथ्या भागातलेच जुने. वहिनी रडकुंडीला आली, पण काय सांगू, तेच डोळे घालून आमचे देवमाणसांसारखे संशयित असे भन्नाट दिसायला लागले की बस. प्रसन्न हसू आणि वर एक डोळा छताकडे, एक दाराकडे. तिचा एकही चुकलेला डोळा वाया गेला नाही. प्रत्येकाला कुठे ना कुठे नोकरी लागली. मग हळूहळू साहेबाच्या डब्यात एखादा पडायला लागला. मग दिवसाला दोन. आबा मधूनच चष्मा परत द्यायचे आणि म्हणायचे, वरची पापणी आधी, श्वास सोडून, मग बुबुळ. इतकंच. आठ वर्षांत न सांगितलेलं ते असं एका गुप्तहेराच्या निमित्ताने सांगत होते, आणि मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवून बसायची, कारण मला हसू आणि रडू एकदम यायचं.

होळीच्या सुमाराला शेवटचा भाग आला. त्यात साहेब सगळ्यांना एका खोलीत गोळा करून इतकं लांबलचक भाषण करतो की संशयित झोपून जातात, आणि खरा चोरच शेवटी उठून कबुली देतो आणि म्हणतो, आता मला घरी जाऊ द्या. चोरासाठी वाकडे डोळे हवे होते, एकच जोडी. डबा रिकामा. वहिनीने नवी जोडी काढली, आबांनी खिडकीशी धरली आणि साहेबाच्या डब्यात टाकली. दुसरी काढली, तीही तिथेच. तिसरीही. मी ओरडले की अगं, मला वाकडा डोळा दे, रविवार आलाय! वहिनी मुद्दाम वाकडं काढायला बसली आणि हात ऐकेना. शेवटी तिने डाव्या हाताने काढला. मी नाचायचीच बाकी होते. आबांनी तो घेतला, “हा चोराला दे,” म्हणाले आणि आपल्या कामाला गेले. मला वाटलं होतं, आता तरी ते काही बोलतील.

मालिका संपली, मूर्तींचे दिवस सुरू झाले. श्रावण उजाडला तरी डोळ्यांचा ब्रश आबांच्याच हातात. मी वहिनीला रोज विचारायची आणि ती नुसती मान हलवायची. माझा तर संताप संताप व्हायचा. त्यात आबा हळू झाले होते. दिवसाला जेमतेम तीन मूर्ती, आणि मागे फळ्यांवर ओळीने बिनडोळ्यांचे गणपती वाट बघत उभे. जीपवाला नवरा येता-जाता फळ्या मोजायचा.

एका सकाळी वहिनीने मला खिडकीतून हाक मारली. गेले तर सहा मूर्ती रंगाच्या पाटावर काढलेल्या. आबांनी तीन मूर्तींचे डोळे काढले, उठले, ब्रश स्वच्छ धुतला आणि वहिनीच्या हातात दिला. उरलेल्या तीन काढ, एवढंच म्हणून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तिने काढले. मी श्वास रोखून भिंतीला चिकटून उभी होते, वरची पापणी आधी, मग बुबुळ, पुसायची सोय नाही, एकेक करून सहा डोळे. संपल्यावर तिने सहाही मूर्ती वाळायला उचलून फळीवर ठेवल्या, जशा हाताला येतील तशा.

आबा आत आले. फळीजवळ गेले. एकेका मूर्तीच्या तोंडाला तोंड लावल्यासारखे वाकून बघत पहिल्यापासून शेवटपर्यंत गेले, परत पहिलीपाशी आले, परत शेवटपर्यंत गेले. मग आमच्याकडे न वळताच त्यांनी विचारलं, “यातल्या माझ्या कुठल्या?”

मी वहिनीकडे बघितलं. ती पुढे झाली, त्यांचा हात धरला आणि एकेका मूर्तीसमोर नेऊन दाखवलं. ही तुमची, ही माझी, या दोन तुमच्या, या दोन माझ्या. आबा प्रत्येकीपुढे थांबले, मान डोलावली. ब्रश परत घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला नाही. भिंतीजवळचं त्यांचं बसायचं पोतं उचललं, झटकलं आणि खिडकीच्या उजेडात, वहिनीच्या पाटामागे नेऊन टाकलं.

“बस इथे,” ते म्हणाले, “मला आता ऑपरेशनची तारीख घ्यायला पाहिजे.”